कुणाचं शून्य केवढं?

‘शून्यातून वर आले’ हे शब्द पुण्यात फार स्वस्त झाले आहेत. पिंपरी कॅम्पातल्या सिंध्यांबद्दल ते म्हटले जातात. धायरी फाट्यापासून आमच्या सोसायटीपर्यंतच्या रस्त्यावर हार्डवेअर, किराणा आणि मिठाईची दुकानं चालवणाऱ्या राजस्थानी मंडळींबद्दल म्हटले जातात. आणि बहुतेक वेळा त्याच दमात पुढचं वाक्य येतं, ‘नाहीतर आपले लोक बघा.’ आता ‘आपले लोक’ म्हणजे कोण, हे बोलणाऱ्यावर अवलंबून. आमच्या भागात त्याचा अर्थ साधारणपणे लातूर, नांदेड, बीडकडून आलेली आणि सकाळी मजूर अड्ड्यावर डबा घेऊन उभी राहणारी माणसं असा होतो. पहिलं वाक्य कौतुकाचं, दुसरं निकालाचं. मला अडचण दुसऱ्याची आहे, आणि त्याच्यामुळे पहिल्याबद्दलही संशय येऊ लागला आहे.

धायरीत हा विषय निघणं साहजिक आहे. ऑक्टोबर २०१७मध्ये जी अकरा गावं पुणे महापालिकेत आली त्यात धायरी होती, पण गाव त्याच्या कितीतरी आधी बाहेरच्यांनी भरून गेलं होतं. इथल्या कुठल्याही इमारतीच्या लिफ्टमध्ये चार माणसं चढली तर त्यांची मूळ गावं चार जिल्ह्यांतली निघतात, कधी चार राज्यांतली. त्यामुळे कोण कुठून आलं, कधी आलं आणि कुठवर पोचलं हा हिशेब मनातल्या मनात सगळेच करत असतात. पार्किंगवरून वाद झाला की तो बाहेरही पडतो.

प्रश्न असा आहे. दोन समाज बाहेरून येऊन एका जागी वसतात. काही पिढ्यांनंतर एक पुढे गेलेला दिसतो, दुसरा मागे. यावरून त्यांच्या गुणांबद्दल काय म्हणता येईल? त्याची दोन उत्तरं तयारच असतात. एक म्हणतं, ‘त्यांच्या रक्तातच धंदा आहे’. हल्ली रक्त म्हणायची लाज वाटत असेल तर ‘संस्कृती’ म्हणतात. दुसरं म्हणतं, सगळा परिस्थितीचा खेळ, माणसाच्या हातात काही नसतं. दोन्ही उत्तरांनी विचार करायचा त्रास वाचतो.

आमच्या धंद्यात एखाद्या बदलाचा खरा परिणाम बघायचा असेल तर बाकी सगळं तेच ठेवून एवढी एकच गोष्ट बदलतात. इतिहासात अशी सोय नसते. सिंध्यांची तुलना मराठवाड्यातल्या शेतमजुरांशी करायची म्हटली तर भाषा, धर्म, जात, साल, सरकारी मदत सगळंच वेगळं, मग फरक कशामुळे पडला ते कसं ठरवणार? पण पुण्यात एक उदाहरण असं आहे की ज्यात बरंच काही सारखं आहे. ते गावात दोन सिनेगॉगच्या रूपाने उभं आहे.

पुणेकर ज्याला लाल देऊळ म्हणतात ते कॅम्पातलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग १८६७ सालचं. लाल विटांचं, इंग्रजी चर्चसारखा उंच मनोरा असलेलं. आवारात ते बांधायला पैसे देणाऱ्या डेव्हिड ससून यांची कबर आहे. तिथून दोनेक किलोमीटरवर रास्ता पेठेत सुक्कथ श्लोमो हे दुसरं सिनेगॉग, १९२१चं. लाल देऊळ कुठे असं विचारलं तर कुठलाही रिक्षावाला नेऊन सोडतो. सुक्कथ श्लोमोचा पत्ता समजावून सांगावा लागतो. पहिलं बगदादी ज्यूंचं, दुसरं बेने इस्राएलांचं. देव एक, धर्मग्रंथ एक, शनिवारची सुट्टी एक. दोघंही समुद्रावरून आलेले. धर्मामुळे किंवा धर्मातून आलेल्या ‘संस्कृती’मुळे समाज वर जातो किंवा खाली राहतो, असं म्हणणाऱ्याने आधी या दोन इमारतींमधलं अंतर चालून यावं.

बेने इस्राएल कधी आले ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ही माणसं बंदराच्या शहरात उतरली नाहीत, कोकणातल्या गावांत उतरली. गावात नव्या माणसाला जागा द्यायची तर ती जातीच्या उतरंडीतच द्यावी लागे, दुसरा खणच नव्हता. यांच्या वाट्याला तेलाचा घाणा आला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर. भाषा मराठी, बायकांचं लुगडं मराठी, विधवेने पुन्हा लग्न करायचं नाही हा नियमसुद्धा शेजाऱ्यांकडून घेतलेला. हिब्रू जवळजवळ विसरली गेली. राहिला तो शेमा, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, काही सण आणि शनिवार. शिवाय एलियाहू हन्नाबीच्या नावाचा मलिदा, ज्यात पोहे असतात, नारळ असतो आणि सगळा अष्टागराचा वास असतो.

बगदादींचं सगळं वेगळं. डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२चा. वडील बगदादच्या पाशांचे खजिनदार आणि तिथल्या ज्यूंचे प्रमुख. दाऊद पाशाच्या जाचामुळे डेव्हिड यांना बगदाद सोडावं लागलं. आधी इराणी आखातातलं बुशायर आणि मग १८३२च्या सुमारास मुंबई. इथून पुढची गोष्ट ‘शून्यातून’ या सदरातच सांगितली जाते, परागंदा होऊन आलेला माणूस आणि त्याचं साम्राज्य. कापड, कापूस, चीनला जाणारी अफू, पुढच्या पिढीत गिरण्या आणि गोदी. मुंबईचा ससून डॉक, काळाघोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय, पुण्याचं ससून हॉस्पिटल. १८६४ साली ते वारले ते पुण्यातच.

आता यातलं शून्य तपासू. पैशाच्या हिशेबात ते कदाचित शून्याच्या जवळ असेलही. पण खजिनदाराच्या मुलाला हुंडी म्हणजे काय, व्याज कसं धरायचं, कुठल्या बंदरात कुणाचा शब्द चालतो हे शिकावं लागत नाही. बगदाद, बसरा, बुशायर, हलब या गावांतल्या व्यापाऱ्यांना ते घराणं माहीत होतं. ओळख ही उधारी मिळवून देते आणि उधारी हेच व्यापारातलं पहिलं भांडवल. दुसरी गोष्ट, ते आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३३मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारावरची मक्तेदारी उठवणारा कायदा झाला. दार नुकतंच उघडत होतं आणि दारात कोण उभं आहे यावर पुष्कळ काही ठरणार होतं. शनवार तेल्याच्या घरी कुणी कितीही हुशार निपजला असता तरी १८३२ साली कँटनमध्ये त्याचा शब्द कुणी धरला असता?

हे सिंध्यांनाही लागू आहे. फाळणीच्या कितीतरी आधीपासून सिंधमधल्या हैदराबादच्या सिंधवर्की व्यापाऱ्यांची दुकानं कोबेपासून जिब्राल्टरपर्यंत होती. म्हणजे पिंपरी किंवा कल्याण कॅम्पात उतरलेला प्रत्येक सिंधी सिंधवर्की होता असं अजिबात नाही. बरेचजण सगळं गमावून बराकीत राहिले, गोळ्या-बिस्किटं विकत लोकलमधून फिरले. त्यांचे कष्ट खरेच होते. पण घर, जमीन, दागिने गेले तरी हिशेबाची वही कशी लिहायची हे ज्ञान सीमेवर काढून घेता येत नाही, आणि दूरचा का होईना, परदेशात दुकान असलेला एखादा मामा असणं हेही.

इथपर्यंत वाचून ‘म्हणजे सगळा परिस्थितीचाच खेळ’ असं वाटत असेल तर थांबा. बेने इस्राएलांची गोष्ट घाण्यापाशी संपत नाही. अठराव्या शतकापासून त्यातले काही मुंबईला गेले, इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले. सॅम्युअल दिवेकर हे त्यातलेच एक अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. देशी माणसाला तेव्हा सुभेदार-मेजरच्या वर जाता येत नसे. त्या पायरीपर्यंत कितीतरी बेने इस्राएल पोचले. मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या तेव्हा ते तिथे गेले, धर्म मात्र बदलला नाही. जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं होतं. ख्रिस्ती करण्याच्या हेतूने आलेल्या पुस्तकातून या मंडळींनी आपली विसरलेली भाषा शिकून घेतली, हा मला इतिहासातला एक अत्यंत गमतीदार व्यवहार वाटतो.

मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सैन्याची भरती जातवार पलटणींवर आली. बेने इस्राएल संख्येने इतके थोडे की त्यांची वेगळी तुकडी करणं शक्य नव्हतं. दार बंद. त्यांनी दिशा बदलली आणि रेल्वे, पोस्ट, कस्टम, सरकारी कचेऱ्या, शाळा, दवाखाने या बाजूला गेले. हुजूरपागेत शिकलेल्या जेरुशा झिराड १९१९ साली लंडनहून स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. होऊन आल्या आणि पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. हुजूरपागेच्याच रिबेका रुबेन मुंबईतल्या ज्यू शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. तेलाच्या घाण्यापासून लंडनच्या एम.डी.पर्यंतचं अंतर एखाद्या गिरणीमालकाच्या प्रवासापेक्षा कमी आहे का? मोजायला कुठली पट्टी घेता त्यावर आहे. रुपयांची पट्टी घेतली तर ससून घराण्याजवळ कुणी फिरकणारही नाही. सुरुवात कुठून झाली आणि मुक्काम कुठे पडला ही पट्टी घेतली, किंवा मुली किती शिकल्या ही घेतली, तर निकाल इतका सरळ राहत नाही.

आणि ‘बगदादी’ म्हणजे सगळे ससून, हाही सरासरीचा घोटाळा आहे. सर्व्हर चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की सरासरी वेळ उत्तम दिसत असताना शेकडा पाच माणसं स्क्रीनकडे बघत ताटकळत असतात. एक अतिश्रीमंत घराणं सगळ्या समाजाचा आकडा वर ओढतं. भारतातले बगदादी भरात असतानाही पाच-सहा हजारांच्या घरात होते, आणि मुंबईत भायखळा, नागपाड्याकडे राहणारे त्यातले कितीतरी ससूनांच्या ट्रस्टच्या मदतीवर दिवस काढत. फरक एवढाच की बगदादहून आलेल्या गरीब ज्यूला ससूनांच्या पेढीत किंवा गिरणीत काम, मुलांना शाळा, आजारपणात दवाखाना आणि मेल्यावर दफनाची जागा मिळत असे. गरीब तोही होता, पण तो पडला तर खाली जाळी होती. समाज ‘वर येतो’ म्हणजे पुष्कळदा एवढंच होतं, की पडणाऱ्याला झेलणारे चारजण त्यात असतात.

या गोष्टीत मला अस्वस्थ करणारी जागा पुढे येते. सुरुवातीला मुंबईत आलेले बगदादी प्रार्थनेला बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये जात, त्यांच्याच दफनभूमीत पुरले जात. यजमान हे होते, पाहुणे ते. १८३६ साली, म्हणजे ससून येऊन उणीपुरी चार वर्षं होतात तोच, त्यांच्यासह काही बगदादींनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत मधे भिंत घालावी. बेने इस्राएलांचं कुळ शुद्ध नाही, घटस्फोटाचे आणि विधवेच्या दिराविषयीचे नियम ते पाळत नाहीत, असं कारण. पुढे प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत बेने इस्राएलांना मोजायचं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. कारणं शास्त्रातली होती, पण त्यामागचा रंगाचा आणि साहेबाच्या नजरेत आपण कुठे बसतो याचा हिशेब लपत नाही. कलकत्त्याच्या बगदादींनी तर आपल्याला युरोपियन मतदारांत धरावं म्हणून खटपट केली, आणि सरकारने ते मानलं नाही.

बेने इस्राएलांना यात निव्वळ बिचारे ठरवण्याची सोय नाही. त्यांच्यातही गोरे आणि काळे असे दोन थर होते. बाहेरच्या जातीत लग्न होऊन झालेल्या संततीला ‘काळे’ म्हणायचं, त्यांच्याशी सोयरीक करायची नाही. उतरंडीत ज्याला जागा मिळते तो आधी आपल्या खाली कुणी आहे का ते बघून घेतो.

पुढे असं झालं की १९४८नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलला गेले. १९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं, की बेने इस्राएल मुलामुलीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी आईकडच्या पिढ्या तपासाव्यात. सव्वाशे वर्षांपूर्वीची मुंबईची भिंत जेरुसलेममध्ये पुन्हा उगवली. मोर्चे निघाले, धरणी धरली गेली, आणि १९६४मध्ये सरकारने त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून जाहीर केल्यावर रब्बींना माघार घ्यावी लागली. या झगड्यात बेने इस्राएलांच्या हाती पुरावा काय होता? गिरण्या नाहीत, गोदी नाही. कोकणातल्या खेड्यात, धर्मग्रंथ हाताशी नसताना, एकही रब्बी नसताना, पिढ्यानुपिढ्या बंद ठेवलेला शनिवारचा घाणा.

त्या घाण्याचा हिशेब मी एकदा करून बघितला. वर्षाचे बावन्न शनिवार, म्हणजे मिळकतीचा सातवा हिस्सा दरवर्षी सोडायचा. बैलाला चारा सातही दिवस लागतो, तो काही शनिवार पाळत नाही. हातावर पोट असलेल्या घरात हे शेकडो वर्षं चाललं. कुठल्याही आर्थिक तुलनेत हे वजाबाकीच्या बाजूला पडेल, ‘पारंपरिक समजुतींमुळे उत्पादकता कमी’ असा शेराही एखादा पाहणीवाला मारून जाईल. पण मला तर या सगळ्या कथेत निर्विवाद श्रेय द्यावं असं हे एकच ठिकाण दिसतं. तिथे निवड होती, तिची किंमत होती, आणि ती किंमत दर आठवड्याला स्वतः मोजलेली होती.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या १९७१च्या ग्रंथात असं मांडलं की माणसाची बुद्धी तर त्याची कमाई नाहीच, पण कष्ट करण्याची वृत्तीसुद्धा तो कुठल्या घरात वाढला यावर ठरते. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं, आणि पटलं म्हणून राग आला. कारण शेवटपर्यंत ताणलं तर ससूनांनाही श्रेय नाही, तेल्यालाही नाही, कुणालाच नाही. तसं जगता येत नाही. मी माझ्यापुरती जी वाट काढली आहे ती अशी: श्रेय द्यायचं तर माणसाने काय मिळवलं यावरून देऊ नये, काय सोडलं आणि कुठल्या दोन वाटांमधून निवडलं यावरून द्यावं. आणि ते त्या माणसाला द्यावं, आडनावाला नाही. या कसोटीवर पुण्याचं ससून हॉस्पिटल टिकतं. मिळालेल्या पैशातून ते बांधण्याऐवजी आणखी एक बंगला बांधता आला असता. त्याच कसोटीवर अफू टिकत नाही. अफूचा व्यापार त्या काळात कायदेशीर होता, पुष्कळजण करत होते, पारशीही होते आणि आपले हिंदू शेटजीही. तरी तो न करण्याची वाट होती. ‘वर आले’ म्हणताना कशावर पाय ठेवून वर आले, हे विचारलं की सहसा विषय बदलतो. आज ससूनच्या ओपीडीत जिल्ह्या-जिल्ह्यातून आलेल्या गरिबांची रांग बघताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे मान्य करावं लागतं, आणि एकीने दुसरी फिटत नाही.

दोषाचं मात्र असं नाही. श्रेय माणसाला देता येतं, पण एका समाजाची प्रगती दाखवून दुसऱ्या समाजावर दोष ठेवता येत नाही. त्यासाठी दोघं एकाच दारातून, एकाच साली, सारख्याच गाठोड्यानिशी आत आले होते असं दाखवावं लागेल, आणि तसं कधीच घडलेलं नसतं. दार किती फरक पाडतं याचं घरचं उदाहरण म्हणजे आपण मराठी माणसंच. १८३४नंतर रत्नागिरीकडची माणसं गिरमिटिया म्हणून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. १९६५मध्ये अमेरिकेने कायदा बदलला, तेव्हापासून इंजिनियर आणि डॉक्टर मराठी माणसं तिकडे गेली. आज न्यू जर्सीतल्या माझ्या सहकाऱ्यांच्या घरी गणपतीत बोलणं निघतं की बघा, आपल्या संस्कारांमुळे भारतीय इथे सर्वांत पुढे आहेत. मॉरिशसच्या मराठी माणसाकडे तेच संस्कार होते, तोच गणपती होता. त्याला दारावर कुणी पदवी विचारली नव्हती, दंड बघितले होते. न्यू जर्सीच्या दारावर व्हिसा अधिकाऱ्याने आधीच चाळणी लावली, आणि चाळणीतून पडलेल्यांनी एकमेकांकडे बघून ठरवलं की आपला गहूच मुळात चांगला.

मी स्वतः त्या चाळणीच्या रांगेत दोनदा उभा राहिलो आहे, म्हणून हे जरा तिखट लिहितो.

माझे वडील १९९१ साली कळंब तालुक्यातून पुण्याला आले. ‘अंगावरच्या कपड्यांनिशी आलो’ असं ते सांगतात आणि ते खरं आहे. पण खिशात एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर नऱ्ह्यातल्या एका वर्कशॉपचा पत्ता होता, जिथे त्यांचे चुलतमामा लेथ चालवत. त्या रात्री ते मामांच्या खोलीत जेवून झोपले आणि आठव्या दिवशी लेथवर उभे राहिले. आमच्याच गावचं दुसरं एक घर १९७२च्या दुष्काळात पुण्याला आलं होतं, वडिलांच्या एकोणीस वर्षं आधी. पुण्यात आधी येऊन त्यांनी कमवायला हवं होतं, असं आमच्या नात्यात अजून बोललं जातं. त्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती. पहिले कित्येक महिने ते ज्या इमारतीवर काम चाले तिथेच राहिले. इमारत पूर्ण झाली की पुढच्या इमारतीवर. मुलांची शाळा दर वर्षाला बदलायची, मग सुटायची. त्या घरातला माझ्या वयाचा मुलगा आज धायरीतच टाइल्स बसवतो, माझ्यापेक्षा अधिक नेटकं काम करतो आणि माझ्या पगाराच्या चौथ्या हिश्शात घर चालवतो. आम्ही दोघं एकाच गावचे, एकाच जातीचे, एकाच देवीचे. आमच्यात ‘संस्कृती’चा फरक शोधून दाखवा.

वडिलांचं कौतुक यामुळे कमी होत नाही. रात्रपाळी करून, ओव्हरटाइम घेऊन त्यांनी माझी इंजिनियरिंगची फी भरली. जमलेल्या पैशात गावी शेत घेता आलं असतं, ते घेतलं नाही. ते त्यांचं. चिठ्ठी मात्र मामांची होती.

तेव्हापासून कुणी शून्यातून वर आल्याचं सांगायला लागलं की मी एक साधा प्रश्न विचारतो: पुण्यात पहिल्या रात्री कुठे झोपलात? प्रश्न खोचक वाटू नये म्हणून चहा घेताना विचारतो. उत्तरं मजेशीर येतात. आमच्या कोपऱ्यावरचे मिठाईवाले काका पालीकडचे, राजस्थानातल्या पालीचे. ते म्हणाले, ‘गाववाल्याच्या दुकानाच्या माळ्यावर, चार वर्षं तिथेच होतो, पगार नाही, जेवण आणि काम शिकणं. मग त्यानेच मला दुकान टाकून दिलं, आता माझ्या माळ्यावर दोघं आहेत.’ चार वर्षं बिनपगारी राबणं ही निवड आहे, तिची किंमतही आहे, आणि माळा त्यांना आयता मिळाला होता. काकांना दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगायला काही अडचण वाटली नाही. अडचण होते ती त्यांचं उदाहरण देऊन दुसऱ्याला हिणवणाऱ्यांना.

लाल देवळात आणि मुंबईच्या ससूनकालीन सिनेगॉगमध्ये आता बगदादी जवळजवळ उरलेले नाहीत. ससून घराणं इंग्लंडला गेलं, तिथे त्यातून सीगफ्रिड ससूनसारखा कवीही निपजला. बाकीचे लंडन, सिडनी असे पांगले. बेने इस्राएलही बहुतेक गेले, पण काही हजार मागे राहिले, ठाणे, मुंबई, पुणे, अलिबागकडे. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात हा नियम तसाच आहे. ज्यांना त्या दहांत मोजायचं की नाही यावर एकेकाळी वाद होता, त्यांच्यामुळेच आज लाल देवळात दहा भरतात.